बोटाच्या जोरावर

आबांचं रिव्हॉल्व्हर मी पहिल्यांदा हातात घेतलं ते २००३ च्या खंडेनवमीला. शिरोळ तालुक्यातल्या आमच्या घरी त्या दिवशी सोप्यात पाट मांडलेले असायचे. त्यावर घासूनपुसून ठेवलेले कोयते, खुरपी, कुऱ्हाड, ट्रॅक्टरचे पाने, बाबांचा टेस्टर, आईची विळी. सगळ्यांना हळदकुंकू, सगळ्यांवर झेंडूचं एकेक फूल. आणि भिंतीकडेच्या वेगळ्या पाटावर, कानपूरच्या सरकारी कारखान्यात बनलेलं .३२ चं सहाबारी. शेजारी त्याची काडतुसांची डबी नसायची. ती आबा पूजेच्या दिवशीही कपाटातून बाहेर काढत नसत.

मी तेव्हा नोकरीला लागलो होतो, पुढच्या वर्षी अमेरिकेला जायचं ठरत होतं. आबांना वाटलं असावं की आता याच्या हातात द्यायला हरकत नाही. देण्याआधी त्यांनी अंगठ्याने डावीकडचा खटका दाबला, नळी खाली मोडली, आणि काडतुसं बसायची सहाही घरं माझ्यासमोर धरली.

"मोज."

"रिकामी आहेत, आबा."

"मोज म्हनतोय न्हवं."

मी एक ते सहा मोजली. मग त्यांनी ते बंद केलं, नळी परसातल्या मातीच्या ढिगाकडे करायला लावली आणि म्हणाले, ओढ चाप. मी ओढला. बोट अर्ध्यात अडलं. चाप इतका जड असेल याची मला कल्पना नव्हती. जोर लावला तसा घोडा मागे जाऊ लागला, घरांचं चक्र फिरू लागलं, आणि शेवटी खट्ट.

"एका वढीत दोन कामं करतंय ते," आबा म्हणाले. "घोडा मागं न्यायाचा आन् सोडायाचा. दोन्ही तुझ्याच बोटानं. म्हनून जड."

डबल अ‍ॅक्शन म्हणतात ते याला. त्याबद्दल पुढे मी पुष्कळ वाचलं, आकृत्या पाहिल्या, सुटे भाग हातात घेऊन पाहिले. पण त्या वाक्यापेक्षा नेमकं काही मला अजून सापडलेलं नाही.

आबांना परवाना मिळाला होता तो गुळामुळे. आमचं गुऱ्हाळ होतं. कोल्हापूरच्या मार्केट यार्डात सौदे झाले की रोख रक्कम घेऊन रात्रीचं परतावं लागायचं. त्यांनी जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज केला, पोलीस ठाण्याकडून चौकशी झाली, बऱ्याच खेपांनंतर परवान्याचं पुस्तक हातात आलं. काय घ्यायचं हा प्रश्न त्यांच्यापुढे फारसा नव्हताच. आपल्याकडे .३८, ९ मिलिमीटर ही गोळीच्या व्यासाची मापं सामान्य नागरिकाला बंद आहेत. रिव्हॉल्व्हर घ्यायचं तर सहसा .३२ नाहीतर .२२. त्यातलं सरकारी कारखान्याचं .३२ हे त्यांच्यासारख्या माणसाच्या आवाक्यातलं.

काडतुसं पुण्याच्या खडकीची. मी पुण्यात इंजिनिअरिंगला होतो तेव्हा लोकलने खडकी स्टेशनवरून कितीदा गेलो, पण तिथला १८६९ पासूनचा दारूगोळा कारखाना आणि आबांच्या कपाटातली डबी यांचा संबंध मला ठाऊक नव्हता. काडतुसाच्या बुडावर केएफ अशी अक्षरं असतात. इंग्रज खडकीला किर्की म्हणत, त्यातला तो के.

निवडणूक लागली की हे सगळं आबा एका जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून पोलीस ठाण्यात जमा करायचे आणि पावती घेऊन यायचे. ग्रामपंचायत, झेडपी, विधानसभा, लोकसभा. आचारसंहिता संपली की पावती दाखवून परत आणायचे, तेलाच्या कापडाने पुसायचे, पुन्हा कपाटात. लहानपणची मला ही पावतीच जास्त आठवते. रिव्हॉल्व्हर कधी दिसायचं नाही, पावती मात्र देवघराच्या फळीवर हळदीच्या डबीखाली असायची.

मी कोलोरॅडोत राहतो. रिव्हॉल्व्हर घ्यायचं ठरवलं ते २०१६ मध्ये, ग्रीन कार्ड आल्यावर. त्याआधी एचवन व्हिसावर होतो, आणि कामाच्या व्हिसावरच्या माणसाला इथे सहसा शस्त्र विकत घेता येत नाही. हे आपल्यातल्या बऱ्याच जणांना माहीत नसतं, आणि नेमबाजीच्या रेंजवर मित्राबरोबर सहज गेलेले लोक दुकानात किमती विचारू लागतात. आधी कायदा नीट समजून घ्या, एवढं मी सगळ्यांना सांगतो.

का घेतलं? बायकोने हाच प्रश्न विचारला होता, आणि मी तिला तीन कारणं सांगितली होती. डोंगरात फिरायला जातो, अस्वलं आहेत, डोंगरी सिंह आहेत. घर गावाबाहेर आहे, पोलीस यायला वेळ लागतो. आणि मला नेमबाजी शिकायची आहे. ती म्हणाली, "तिसरं कारण खरं वाटतंय. पहिली दोन तू तिसऱ्यासाठी गोळा केलीस." मी त्यावर वाद घातला नाही. पण एकच वस्तू तिन्ही कामांना चालावी, दुसरी घ्यावी लागू नये, ही अट मात्र दोघांनाही मान्य होती. क्रिकेटमध्ये आपण ज्याला अष्टपैलू म्हणतो तसं काहीतरी हवं होतं.

पहिली निवड चुकली. दुकानातल्या माणसाने पाच बारांचं, जेमतेम चारशे ग्रॅम वजनाचं, .३५७ मॅग्नमचं एक छोटं रिव्हॉल्व्हर समोर ठेवलं आणि म्हणाला, खिशात मावतं, घरी चालतं, डोंगरात चालतं. मला पटलं. रेंजवर पहिल्याच बाराला तळहातावर कुणीतरी फळी हाणल्यासारखं झालं. दुसऱ्या बाराला अंगठ्याच्या बेचक्यातली कातडी सोलली. चौथ्या बाराला चाप ओढला तर ओढलाच जाईना. चक्र अडकलं होतं. हलक्या शस्त्राचा झटका इतका जोरदार असतो की न उडालेल्या काडतुसांतली शिशाची गोळी कवचातून थोडी पुढे सरकू शकते. ती घराच्या तोंडातून बाहेर आली की चौकटीला घासते आणि चक्र फिरत नाही. हे मला त्या दिवशी माहीत नव्हतं. रेंजच्या देखरेखीवरच्या माणसाने नळी समोर ठेवायला लावून शांतपणे ते सोडवलं. दुकानदाराने हे सांगायला हवं होतं, याचा राग मला अजूनही येतो. नवख्या माणसाला सगळ्यात लहान आणि सगळ्यात जोरदार असं एकत्र देणं ही त्याची फसवणूकच आहे. त्याला दुसरा बार काढायचीच भीती बसते, आणि ज्याला भीती बसते तो सराव करत नाही.

मी ते तोट्यात विकलं आणि तीन महिने रेंजवर फिरकलो नाही.

परत गेलो तेव्हा शेजारच्या खणात एक सत्तरीचे गृहस्थ होते. हळूहळू, एकेक बार, मधे बराच वेळ. त्यांच्या कागदावर भोकं अशी गोल आणि स्वच्छ होती की कुणी पंचिंग मशीनने पाडावीत. मी विचारलं. त्यांनी काडतूस दाखवलं. त्यातली गोळी पुढून अणकुचीदार नव्हती, सपाट कापलेली होती आणि कवचाच्या तोंडाशी बरोबर बसलेली होती. त्याला वॉडकटर म्हणतात. सपाट असल्यामुळे ती कागद फाडत नाही, कापते. त्यांनी मला सहा काडतुसं आणि स्वतःचं जुनं रिव्हॉल्व्हर दिलं. स्मिथ अँड वेसनचं मॉडेल १९, निळसर काळं, मूठ झिजून गुळगुळीत झालेली. मी चाप ओढला. जड होता, पण त्याचा जडपणा सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखा होता, कुठे अडत नव्हता. बार झाला तेव्हा हाताला नुसता धक्का जाणवला. त्या क्षणी मला आमचा सोपा आठवला, झेंडूचा वास आठवला.

त्यांनी मग जे समजावून सांगितलं ते मी इथे लिहितो, कारण निवड करताना तेच कामी आलं.

.३८ स्पेशल आणि .३५७ मॅग्नम ही दोन वेगळी नावं असली तरी गोळीचा व्यास एकच, साधारण ९ मिलिमीटर. .३८ हे माप जुन्या पद्धतीच्या काडतुसांवरून चिकटलेलं नाव आहे, खरं माप .३५७ इंचच. .३८ स्पेशल आलं एकोणिसाव्या शतकाच्या अगदी शेवटी. १९३५ मध्ये त्याच काडतुसाचं कवच साडेतीन मिलिमीटरच्या आतबाहेर लांब करून, जास्त दाबाचं .३५७ मॅग्नम काढलं गेलं. लांबी वाढवली ती मुख्यतः एवढ्यासाठी, की हे जोरदार काडतूस जुन्या, कमी ताकदीच्या .३८ च्या रिव्हॉल्व्हरमध्ये बसूच नये. उलट मात्र चालतं. .३५७ च्या रिव्हॉल्व्हरमध्ये .३८ खुशाल घाला. म्हणजे एकाच शस्त्रात कागदावरच्या सरावासाठी सेकंदाला दोन-सव्वादोनशे मीटर वेगाची मऊ वॉडकटर, आणि डोंगरासाठी जवळजवळ दहा ग्रॅम वजनाची, सेकंदाला सुमारे पावणेचारशे मीटरने जाणारी गोळी.

आणि हे रिव्हॉल्व्हरलाच का जमतं? स्वयंचलित पिस्तूल काडतुसाच्या जोरावर चालतं. बार झाला की त्याच्याच रेट्याने वरचा भाग मागे जातो, रिकामं कवच फेकतो, नवं काडतूस आत घेतो. काडतूस मऊ असेल तर पिस्तूल अडखळतं. रिव्हॉल्व्हर काडतुसाच्या जोरावर चालतच नाही. ते बोटाच्या जोरावर चालतं. चक्र फिरवणारं बोट, घोडा मागे नेणारं बोट. आत काय भरलंय याच्याशी यंत्राला देणंघेणं नाही. एखादं काडतूस फुसकं निघालं आणि नुसता खट्ट आवाज झाला तरी चाप पुन्हा ओढला की पुढचं घर समोर येतं. सरावात मात्र असं झालं तर नळी समोर धरून थोडा वेळ थांबायचं, काही काडतुसं उशिरा उडतात. आणि आवाज नेहमीपेक्षा बारीक आला तर ताबडतोब थांबून नळी तपासायची, गोळी आत अडकलेली असू शकते.

आबांचं वाक्य मला त्या दिवशी दुसऱ्यांदा समजलं. दोन्ही तुझ्याच बोटानं.

ही रचना फार जुनी आहे. सॅम्युअल कोल्टने १८३६ मध्ये पेटंट घेतलेल्या रिव्हॉल्व्हरमध्ये प्रत्येक बाराआधी अंगठ्याने घोडा चढवावा लागे. १८५१ मध्ये लंडनच्या रॉबर्ट अ‍ॅडम्सने चाप ओढला की घोडा आपोआप उठून पडेल असं यंत्र काढलं, पण त्यात अंगठ्याने चढवायची सोय नव्हती. लांबवर नेम धरायचा तर ती हवीच. मग क्रिमियाच्या युद्धात लढलेल्या बोमाँट नावाच्या इंग्रज इंजिनिअर अधिकाऱ्याने १८५६ मध्ये दोन्ही सोयी एकत्र केल्या. घाई असेल तर नुसता चाप, वेळ असेल तर अंगठ्याने घोडा चढवून हलका चाप. आज माझ्या रिव्हॉल्व्हरमध्ये हेच दोन पर्याय आहेत. पहिल्याला पाचेक किलोचा जोर लागतो, दुसऱ्याला दोन किलोच्या आत.

मॉडेल १९ मला हवंसं वाटलं, पण त्या गृहस्थांनीच थांबवलं. ते १९५५ पासूनचं, मधल्या आकाराच्या चौकटीवर बांधलेलं. पोलिसांनी ते बराच काळ कमरेला बाळगलं, सराव .३८ ने केला. पुढे सरावही हलक्या गोळीच्या, वेगवान मॅग्नम काडतुसांनी होऊ लागला, तेव्हा काही रिव्हॉल्व्हरांना नळीच्या मागच्या तोंडाशी, खालच्या बाजूला तडे जाऊ लागले. तिथे नळी किंचित सपाट घासलेली असते, धातू पातळ असतो. म्हणून स्मिथ अँड वेसनने १९८० च्या सुमारास थोडी मोठी चौकट काढली आणि त्यावर ५८६ आणि ६८६ ही मॉडेलं बांधली. पाचेक वर्षांनी रुगरचं जीपी १०० आलं, तेही तसंच दणकट. कोल्टचं पायथन दिसायला सगळ्यांत देखणं, पण त्याच्या किमतीत माझ्या मुलीची वर्षभराची पियानोची शिकवणी झाली असती.

मी जुनं ६८६ घेतलं. चार इंची नळी, स्टेनलेस, रिकामं असताना सव्वा किलोच्या थोडं आत. वजन इथे गुण आहे, झटका तेच पचवतं. सहा इंची नळीने नेम आणखी चांगला लागतो पण कमरेला ती टोचते. अडीच-तीन इंची लपवायला बरी, पण मला लपवायचं नव्हतं. चार इंच म्हणजे कुठल्याच कामाला सर्वोत्तम नाही, आणि कुठल्याच कामाला अडत नाही.

जुनं घेताना काय बघायचं हे त्यांनी दुकानात उभं राहून करून दाखवलं. आधी चक्र उघडून सहा घरं मोजली. मला हसू नाही आलं, डोळ्यांत पाणी आलं. मग चक्राच्या बिजागरीखाली कोरलेला मॉडेल नंबर पाहिला. सुरुवातीच्या काही आवृत्त्या कंपनीने दुरुस्तीसाठी परत बोलावल्या होत्या, दुरुस्त झालेल्यावर नंबरजवळ एम असा ठसा असतो. तो होता. मग रिकामं बंद करून, एका अंगठ्याने चक्रावर किंचित दाब ठेवत, घोडा अगदी सावकाश मागे नेला. घोडा पूर्ण चढायच्या आत चक्र आपल्या जागी टक्कन बसलं पाहिजे. सहाही घरांना. एखादं घर उशिरा बसत असेल तर गोळी नळीच्या तोंडात तिरपी जाते आणि शिशाचे कण कडेने उडतात. मग ते उजेडाकडे धरून चक्र आणि नळी यांच्यामधली फट पाहिली. केसाएवढी, सगळीकडे सारखी. या फटीतून तापलेला वायू बाजूला सुटतो, म्हणून रिव्हॉल्व्हर धरताना डाव्या हाताचा अंगठा किंवा बोट कधीही तिच्यापुढे न्यायचं नाही. पिस्तुलावर हात बसलेले लोक इथेच चुकतात आणि बोट भाजून घेतात.

शस्त्रखरेदीसाठीचा फॉर्म ४४७३ भरला, ग्रीन कार्डाचा नंबर लिहिला, राज्याच्या तपास खात्याकडून होकार यायला वीसेक मिनिटं लागली. तेव्हा त्याच दिवशी घरी नेता यायचं. २०२३ च्या ऑक्टोबरपासून इथे तीन दिवस थांबावं लागतं. मला हा कायदा मनापासून पटतो. ज्याला खरंच हवंय त्याचं तीन दिवसांनी काही बिघडत नाही, आणि ज्याच्या मनात त्या रात्री काही भलतंच आहे त्याला तीन सकाळी मिळतात.

घरी आल्यावर बायकोच्या अटी. भिंतीला बोल्ट केलेली तिजोरी. काडतुसं वेगळ्या कुलपात. मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती. पाच वर्षांनी राज्याने लहान मुलं असलेल्या घरात शस्त्र कुलपात ठेवणं सक्तीचं केलं, आमच्या घरी ते आधीच होतं. शेवटची अट अशी की तिजोरीचा आकडा तिलाही माहीत हवा आणि मी कधी फार दिवस गप्प गप्प दिसलो तर तो ती बदलेल, मला न विचारता. मी हो म्हटलं. एकदा तिने तो बदललाही. २०२० च्या हिवाळ्यात, माझी नोकरी गेली होती तेव्हा. मला कळलं ते तीन महिन्यांनी, रेंजवर जायला निघालो तेव्हा. तिच्याबद्दल मला जे वाटलं ते मी तिला नीट सांगू शकलो नाही, म्हणून इथे लिहितो.

अमेरिकेत बंदुकीने मरणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त लोक स्वतःच्या हाताने मरतात. चोरांच्या, अस्वलांच्या गप्पा सगळे मारतात, हे कुणी बोलत नाही. आपल्या मराठी माणसांत तर नाहीच नाही. आमच्यातल्या एकाचं लग्न मोडलं तेव्हा मी त्याच्याकडे गेलो आणि सरळ विचारलं, तुझं पिस्तूल कुठं आहे. तो चिडला. दुसऱ्या दिवशी त्यानेच फोन केला. इथली काही दुकानं अडचणीच्या काळात शस्त्र तात्पुरतं ठेवून घेतात. आम्ही दोघं तिथे गेलो, त्याने ते काउंटरवर ठेवलं आणि त्याला एक पावती मिळाली. पावती घडी करून पाकिटात ठेवताना त्याचे हात थरथरत होते. मला देवघरातली हळदीची डबी आठवली.

आता ते रिव्हॉल्व्हर प्रत्यक्षात काय काम करतं? डोंगरात सुरुवातीला नेलं. मग लक्षात आलं की इथे फक्त काळी अस्वलं आहेत, ती माणूस दिसला की बहुतेक वेळा स्वतःच निघून जातात, आणि जवळ आलीच तर मिरचीचा फवारा जास्त भरवशाचा, थरथरत्या हातालाही जमणारा. आता कमरेला फवारा असतो. घरासाठी म्हणून मॅग्नम कधी भरलं नाही. बंद खोलीत त्याचा आवाज कानांचं कायमचं नुकसान करतो. उरला सराव, आणि तो शंभरातल्या नव्वद वेळा वॉडकटरचा. एवढं करायचं की आखूड .३८ मुळे घरांत पुढच्या बाजूला काजळीचं कडं जमतं. ते ब्रशने खरवडलं नाही तर लांब मॅग्नम नीट बसत नाही. दर खेपेनंतर अर्धा तास हेच. रबरी हातमोजे, तेलाचा वास, चिंध्या. मला हा अर्धा तास आवडतो.

बायको बरोबर होती, तिसरं कारणच खरं होतं. पण अष्टपैलूपणाचा उपयोग झाला नाही असं मी म्हणणार नाही. तिन्ही कामांना चालेल म्हणून घेतलं, म्हणून ते मोठं आणि वजनदार निघालं. मोठं आणि वजनदार म्हणून सराव झाला.

सरावातला निम्मा भाग तर काडतुसाविना होतो. काडतुसं दुसऱ्या खोलीत, कुलपात. सहा घरं मोजायची, मोठ्याने. घरांत पितळी सोंगट्या, म्हणजे दारू नसलेली खोटी काडतुसं. भिंतीकडे नव्हे, पुस्तकांनी गच्च भरलेल्या कपाटाकडे नळी. मग नळीवरच्या पट्टीवर, माशीच्या, म्हणजे नेम धरायच्या पुढच्या टोकाच्या मागे, एक रुपयाचं नाणं ठेवायचं आणि चाप ओढायचा. नाणं पडता कामा नये. सुरुवातीला घोडा निम्म्यावर यायच्या आतच ते खाली. काही महिन्यांनी दहांतून चार वेळा टिकायला लागलं. चूक कुठे होते ते नाणं सांगतं. मी चाप ओढायच्या ऐवजी उरकायला जातो, शेवटच्या टप्प्यात घाई करतो, आणि मूठ आवळली जाते.

या लांब ओढीची मला जी गोष्ट सर्वांत मोलाची वाटते ती अशी, की तिच्यात परत फिरता येतं. घोडा जवळजवळ पूर्ण मागे गेलेला असतानाही बोट सावकाश सैल केलं की तो सावकाश जागेवर येतो. काही झालेलं नसतं. अंगठ्याने घोडा चढवून ठेवला की दोन किलोच्या नखाएवढ्या हालचालीवर सगळं येऊन थांबतं. म्हणून मी घोडा चढवतो तो फक्त कागदासमोर, पंचवीस यार्डांवर. घरातल्या अंधाराचा विचार करून सराव करतो तेव्हा कधीच नाही. आणि त्या सरावात निम्म्या वेळा मी मुद्दाम अर्ध्यातून परत येतो. चाप निम्मा ओढायचा, थांबायचं, सोडायचा. रेंजवरच्या गृहस्थांनी हे शिकवलं नव्हतं. हे माझं मी धरलं.

आबा २०१८ मध्ये गेले. परवाना माणसाबरोबर संपतो, तो वारशाने येत नाही. वारसाने शस्त्र जमा करायचं, हवं असेल तर स्वतःच्या नावाने नवा अर्ज करायचा. बाबांना नको होतं. माझ्याकडे यायचा प्रश्नच नव्हता, जसं माझं ६८६ तिकडे न्यायचा नाही. बाबांनी ते परवानाधारक विक्रेत्याला विकायचं ठरवलं, आणि त्याआधी परवान्याचं पुस्तक मला फोनवर वाचून दाखवलं. काडतुसांच्या खरेदीच्या नोंदी त्यात असतात. सगळ्या वर्षांत मिळून दोन नोंदी. पंचवीस आणि पंचवीस.

"डबीत किती आहेत, बाबा?"

त्यांनी मोजायला वेळ घेतला. "चव्वेचाळीस."

सहा कमी. बाबांना ते सहा आठवत होते. घेतलं त्या आठवड्यात आबा त्यांना घेऊन विहिरीच्या मागच्या मातीच्या बांधापाशी गेले होते, सहा बार काढले होते, एकेक करून, आणि रिकामी कवचं मोजून खिशात घालून परत आले होते. त्यानंतर कधीच नाही. इतकी वर्षं ते गुळाचे पैसे घेऊन रात्रीअपरात्री आले, आणि एकदाही नाही. मी एका शनिवारी शंभर काडतुसं उडवतो.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसमध्ये ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक जिंकलं, तेव्हा बाबांचा भल्या पहाटे फोन आला. आमच्या भागातल्या पोरांना आता बंदूक म्हटलं की कमरेला खोचलेलं काही आठवत नाही, निशाण्याचा कागद आठवतो, असं ते फार आनंदाने सांगत होते. आबा असते तर, एवढं म्हणून ते थांबले.

त्या वर्षी मी दिवाळीला गावी गेलो, तेव्हा आबांच्या कपाटात त्या रिव्हॉल्व्हरचं चामडी म्यान सापडलं. पायताणं करणाऱ्या एका ओळखीच्या कारागिराकडून त्यांनी ते करून घेतलं होतं. तेच करकरीत जाड चामडं, तीच चामड्याच्या वादीची शिवण, टोकाला पायताणावर असते तशी बारीक वेणी. आत हात घातला तर तळाशी तेल मुरून काळं झालं होतं. पट्टा अडकवायच्या जागेवर मात्र एकही वळी नव्हती. ते कधी कमरेला लागलंच नव्हतं, फार तर पिशवीत गेलं असेल.

मी ते इकडे घेऊन आलो. ६८६ त्यात मावत नाही, नळीपाशीच अडतं. गेल्या खंडेनवमीला आम्ही जेवणाच्या टेबलावर लाल कापड अंथरलं. बायकोचा लॅपटॉप, माझे पाने, बागेतली कात्री, मुलीचा कॅलक्युलेटर, आणि कडेला, चक्र उघडं ठेवलेलं रिव्हॉल्व्हर. झेंडू इथे ऑक्टोबरपर्यंत थंडीने जळतो, म्हणून शेवंती वाहिली. मुलगी आता सतरा वर्षांची आहे. तिने न सांगता वाकून सहा घरं मोजली, मग म्यानाला हळदीचं बोट लावलं आणि विचारलं, "याच्यात काय असायचं?"

मी तिला मातीच्या बांधापासून सांगायला सुरुवात केली.